उजेड बरा आहे, खेळा

अक्षदाच्या आवाजाला घोडपदेवात कुणी नावं ठेवत नसे, कारण नावं ठेवायला आधी तो आवाज थांबायला हवा. मोरजकर चाळीच्या जिन्यात ती बोलायला लागली की समोरच्या खोल्यांतले लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. शाळेत बाई म्हणायच्या, अक्षदा, हळू. घरी आई म्हणायची, अगं हळू. आयुष्याची चौदा वर्षं हे 'हळू' ऐकण्यात गेली आणि मागच्या वर्षी एका रविवारी सुशांतदादाने तिच्या हातात माइक देऊन सांगितलं, "अक्षू, जरा जोरात." आपण जन्माला कशासाठी आलो ते तिला त्या दिवशी कळलं.

गोष्ट अशी की मोरजकर चाळीचे दोन भाग आहेत आणि दोन्हीच्या मधोमध एक लांबट चौक आहे. त्या चौकात दर रविवारी मॅच होते आणि दर वर्षी 'मोरजकर चषक'. अंडरआर्म क्रिकेट, आठ-आठ ओव्हर, टेनिसचा बॉल. पाण्याच्या टाकीला लागला तर दोन रन, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण चाळीत या नियमांवरून लग्नं मोडायची वेळ आलेली आहे. सुशांतदादा एरवी लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो. तीन वर्षांपूर्वी त्याने दोन मोबाइल स्टँडवर लावले, एक लॅपटॉप जोडला आणि सगळ्या मॅच यूट्यूबवर लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. चाळ सोडून गेलेली माणसं बघायला लागली. विरारची माया मावशी, मस्कतचे शरच्चंद्र काका, कॉटन ग्रीन, वडाळा, कणकवली, कुठून कुठून. खाली चॅटमध्ये प्रत्येक जण आपलं नाव नि गाव लिहायचा, आणि कमेंट्री करणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं. हे वाचणं म्हणजे मानाचं काम. एखाद्याचं गाव राहिलं तर तो सोमवारी फोन करून विचारायचा, काय रे, आमी मेलो काय?

आणि सगळ्यांत मोठा मान होता कुशाबा आजोबांचा.

कुशाबा आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद झाली, पण रविवारची अंपायरगिरी त्यांनी तीस वर्षं केली. चौकावर ऊन फार थोडा वेळ येतं, त्यात आता मागे टॉवर उभा राहिलेला. त्यामुळे मॅच सुरू करण्याआधी आजोबा मान वर करून दोन छपरांमधल्या आभाळाच्या पट्टीकडे बघायचे आणि म्हणायचे, "उजेड बरा आहे. खेळा." मग खेळ सुरू. त्यांचा दुसरा नियमही तसाच पक्का होता. जो लबाडी करेल त्याने टाकीच्या पायरीवर जाऊन बसायचं, किती ओव्हर ते अंपायर सांगेल. राजेश टेम्पोवाला, जो आज बाहेर दादा म्हणून फिरतो, त्याने लहानपणी त्या पायरीवर इतके रविवार काढलेत की पायरीला त्याचं नाव द्यावं अशी जुनी सूचना आहे.

गुडघे गेले तसे आजोबा गावी, तळवड्याला राहायला गेले. पण सवय सुटली नाही. दर रविवारी अकराच्या सुमारास ते देवळाच्या पायऱ्या चढायचे, कारण गावात नेटची रेंज तिथेच येते, आणि चॅटमध्ये लिहायचे, 'तळवड्याहून कुशाबा. उजेड बरा आहे. खेळा.' ते अक्षदाने माइकवर वाचलं की टाळ्या पडायच्या नि पहिला बॉल पडायचा. चार-पाचशे किलोमीटरवरून त्यांना आपल्या चौकातला उजेड कसा दिसतो, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. अक्षदाची कमेंट्री म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. "गेला गेला गेला, गंगुबाईंच्या चादरीवर गेला, चादर आऊट, राजेश आऊट, आता राजेश घरी जाऊन चादर धुणार." लोक हसायचे. चाळीत तिला 'एफएम अक्षू' म्हणायला लागले होते. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलींनी एकदा तिची सही मागितली, गंमत म्हणून, पण तिने खरोखरच केली.

आणि मग तिने स्वतःच्या हाताने मृणालिनीला चाळीत आणलं. स्वतःच्या हाताने. हे ती नंतर रोज रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला ऐकवायची.

मृणालिनी शाळेत तिच्याच बाकावर. दादरला राहणारी, वडील कॉलेजात शिकवणारे, घरात वक्तृत्वाच्या ढाली ठेवायला वेगळं कपाट. बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातलेला. अक्षदाला ती आवडायची, पण तिला एकदा तरी दाखवावं असं वाटायचं की बाई गं, ढाली तुझ्याकडे असतील, पब्लिक माझ्याकडे आहे. म्हणून तिने साखळी फेरीच्या शेवटच्या रविवारी तिला बोलावलं. आणि नेमका आदल्या दिवशी शाळेच्या क्रीडादिनाला ओरडून ओरडून अक्षदाचा घसा बसला. कुशाबांचा उजेड तिने कसाबसा वाचला, एक ओव्हर ढकलली, आणि मग तोंडातून नुसती हवा यायला लागली. सुशांतदादाने इकडेतिकडे पाहिलं. अक्षदानेच माइक मृणालिनीच्या हातात दिला आणि खाणाखुणांनी सांगितलं, दोनच ओव्हर धर.

मृणालिनीने माइक धरला, दोन क्षण गप्प बसली (लाइव्हवर, दोन क्षण!) आणि मग सावकाश म्हणाली, "चेंडू गॅलरीकडे निघालाय. कठड्याला विचारतोय, येऊ का? कठडा म्हणतोय, आज नको. दोन धावा."

चौक हसला. गॅलऱ्या हसल्या. राजेश टेम्पोवाला बॅट टेकून हसला. दोन ओव्हरच्या सहा झाल्या, आणि अक्षदाला घोगऱ्या घशाने नुसतं बघत बसायला लागू नये म्हणून सुशांतदादाने चॅट सांभाळायचा मोबाइल तिच्या हातात दिला. म्हणजे शिवीगाळ कुणी केली तर काढायची, बस.

शिवी कुणी दिली नाही. त्यापेक्षा वाईट झालं. 'ही कोण रे? एक नंबर.' 'नवीन आवाज जबरदस्त.' 'आज पहिल्यांदा हेडफोन लावून मॅच बघतोय.' अक्षदाने ते हेडफोनवालं तीनदा वाचलं. आणि त्याखाली आलं, 'तळवड्याहून कुशाबा. नवीन चेडवाचो आवाज बरो आसा. माका कानान कमी ऐकाक येता, पण हिचा सगळा समाजला.'

बाकीच्यांचं एक वेळ ठीक होतं. पण आजोबा? त्यांनाही ही नवी पोरगीच बरी? ज्यांचा उजेड ती दर रविवारी घसा फोडून वाचायची? वर्षभर वाचला, आणि त्यांना तो नीट ऐकूच येत नव्हता? अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या कमेंटवर बोट दाबलं की दोन पर्याय यायचे. 'काढून टाका' आणि 'या युझरला लपवा'. तिने दुसरा दाबला.

हे लपवणं फार बेमालूम असतं. ज्याला लपवलं त्याला पत्ता लागत नाही. त्याला स्वतःच्या फोनवर आपलं लिहिलेलं दिसत राहतं, तो लिहीत राहतो. बाकी जगाला मात्र त्यातलं काही दिसत नाही. भिंतीशी बोलणाऱ्या माणसाला भिंत ऐकतेय असं वाटत राहावं, तसं.

पुढच्या आठवड्यात सुशांतदादाने नवी टूम काढली. उपांत्यपूर्व आणि उपांत्य दोन्ही रविवारी एक डाव अक्षदा बोलेल, एक डाव मृणालिनी. एक बोलत असेल तेव्हा दुसरीने चॅट सांभाळायचा. फायनलला मात्र माइक एकीच्याच हातात, आणि जिच्या वेळी चॅट जास्त पळेल तिची फायनल. "टॅलेंट शो झाला ना एकदम," तो खूश होऊन म्हणाला. आपण कुंपणाच्या हातात शेत दिलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

फायनलचा माइक. त्या दोन आठवड्यांत अक्षदाच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. भूमितीच्या वहीत वर्तुळ काढलं तरी तिला माइकची जाळी दिसायची. फायनल दोन हजार माणसं बघतात. मंडळाचे अध्यक्ष जगदीश काका सुरुवातीला कमेंटेटरचं नाव घेऊन गुलाबाचं फूल देतात. ते फूल मृणालिनीच्या हातात? आपल्या चौकात? जिला टाकी कुठली नि मोरी कुठली कळत नाही तिच्या?

तर पहिला रविवार. अकरा वाजले. ऊन चौकात उतरलं, दोन्ही टीम उभ्या. सगळ्यांचं लक्ष अक्षदाकडे, तिचं लक्ष चॅटकडे. माया मावशी आली, मस्कत आलं, कणकवली आलं. तळवडं आलं नाही. सव्वा अकरा. सुशांतदादा म्हणाला, अजून पोचले नसतील देवळापर्यंत. आणि तेव्हा अक्षदाला आठवलं. ते पोचले असणार. लिहून बसले असणार. आत्ता या क्षणी फोन कानाशी धरून आपलं नाव कधी येतं ते ऐकत असणार.

लपवलेल्यांची यादी फक्त सुशांतदादाच्या लॅपटॉपवर उघडते. तिथे जाऊन, दादा जरा बाजूला हो, मी आजोबांना लपवलंय, असं म्हणायचं? फायनलच्या दोन आठवडे आधी? शेवटी जगदीश काकाच म्हणाले की रेंज नसेल, सुरू करा, ऊन जाईल. अक्षदाने मान डोलावली. "रेंजच नसेल," ती माइकवर म्हणाली. त्या दिवशी पहिल्या बॉलला टाळ्या पडल्या नाहीत.

एकदा आजोबांना लपवून पचवलं म्हटल्यावर बाकीचे काय चीज. मृणालिनीच्या डावात जो कुणी 'वा' म्हणेल त्याच्यावर अक्षदाचं बोट पडायचं. हेडफोनवाला गेला. 'एक नंबर' गेला. बदाम पाठवणारे गेले. कॉटन ग्रीनच्या एका काकूंनी नुसतं 'गोड आवाज' लिहिलं, त्याही गेल्या. कधी वाटायचं, बस झालं. पण चौकात पुन्हा हशा उसळायचा, मृणालिनी काहीतरी म्हणालेली असायची, कठडा, टाकी, चादर, सगळ्या वस्तू तिच्याशी बोलायच्या, ज्या वस्तूंना अक्षदा जन्मापासून ओळखत होती आणि ज्या तिच्याशी एकदाही बोलल्या नव्हत्या. मग बोट आपोआप जायचं. उपांत्य फेरी संपली तेव्हा आकडा त्रेसष्ट झाला होता. आणि मृणालिनीच्या डावात चॅट असा थंड पडला होता की सुशांतदादा डोकं खाजवत म्हणाला, "अजब आहे रे. चौकात लोक हसतायत नि तिकडे कोणी काही लिहितच नाही. चल अक्षू, फायनल तुझी."

फायनल तिची. तिने घरी जाऊन आईला मिठी मारली, आरशापुढे उभी राहून फूल घेण्याची प्रॅक्टिस केली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मृणालिनीने डबा उघडला, अर्धं थालीपीठ नेहमीसारखं तिच्या झाकणात ठेवलं आणि बराच वेळ लोण्याचा गोळा इकडून तिकडे सरकवत राहिली. मग विचारलं, "मी वाईट बोलते का गं? खरं सांग. माझ्या वेळी कुणी एक शब्दसुद्धा लिहिला नाही. घरी बाबा म्हणाले, ढाली देणारे परीक्षक वेगळे आणि लोक वेगळे."

"चाळीची पब्लिक आहे," अक्षदा म्हणाली. "त्यांना तुझी सवय नाही."

हे वाक्य तिला एवढं आवडलं की तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं. थालीपीठ मात्र तिने झाकणातच ठेवलं. गंमत बघा, जिंकली ही आणि तरी जळफळाट हिचाच चालू. कारण मृणालिनी हरली होती तरी तिचं ते कठड्याचं वाक्य चाळीतली पोरं अजून म्हणत होती. "येऊ का? आज नको." जिन्यात, नळावर, सगळीकडे. अक्षदाचं चादरीचं वाक्य कुणी म्हणत नव्हतं.

फायनलच्या आदल्या दिवशी गंगुबाई वाटीभर सोलकढी घेऊन आल्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात आणि कुशाबा आजोबांच्या गावच्याच. बोलता बोलता आईला सांगायला लागल्या, "कुशाबाचो फोन इल्लो. म्हणता, दोन रविवार मी उजेड सांगतंय, पण कोणच माझा नाव घेणा नाय. बाकी सगळ्यांची गावा वाचतत. चाळीन माका पेन्शनीत काढल्यान काय? मी म्हटलंय, रेंज नसात. तर म्हणता, रेंज आसा, माझ्या फोनार माझा लिवलेला दिसता मा. उद्या काय तो देवळाकडे जायत नाय."

आई चुकचुकली. अक्षदा सोलकढीच्या वाटीत बघत बसली. गुलाबी सोलकढीत तिचा चेहरा दिसत नव्हता, ते एक बरं होतं.

रविवारी चौक नुसता फुलला होता. पताका, खुर्च्या, गॅलऱ्यांमधून लोंबणारी पोरं. जगदीश काकांनी माइकवर घसा साफ केला, "आपल्या चाळीची कन्या, आपला आवाज, कुमारी अक्षदा," आणि फूल दिलं. हेच ते फूल. तिने घेतलं. समोर मृणालिनी चॅटचा मोबाइल घेऊन बसली होती आणि मनापासून टाळ्या वाजवत होती. अक्षदाला त्या टाळ्यांचासुद्धा हेवा वाटला. आपल्याला अशा वाजवता आल्या असत्या का?

"नमस्कार मोरजकर चाळ," तिने सुरुवात केली. आवाज फुटला तो दणदणीत. पण चॅट हलेना. एकोणीसशे माणसं बघतायत असं लॅपटॉपवर दिसत होतं, आणि लिहिणारी पाच-सात. माया मावशी, मस्कत, आणखी दोघं-तिघं. आणि का हलेल? जे त्रेसष्ट जण हिरिरीने लिहायचे ते सगळे तिने स्वतः भिंतीआड नेऊन ठेवले होते. मृणालिनीच्या डावाला जी थंडी तिने आणली होती तीच आता तिच्या अंगावर आली. मृणालिनीने मोबाइल वर करून खुणेने विचारलं, नेट गेलंय का?

अकरा वाजून दहा. सगळे सवयीने थांबले होते. बोलायचं कुणी नाही, पण बॉलरने बॉल हातात फिरवत ठेवलेला आणि राजेश टेम्पोवाला क्रीझवर उभा राहून आभाळाकडे बघत होता. कुणाचं तरी मत पडलं की या वर्षी आजोबांचं काही खरं दिसत नाही. जगदीश काकांनी घड्याळ पाहिलं आणि हात हलवला, चला, सुरू करा.

अक्षदाने तोंड उघडलं. पहिला बॉल टाकायला सांगायचं होतं. एवढंच. आणि पुढचा दीड तास ती, फक्त ती.

"थांबा," ती म्हणाली.

मग तिने सुशांतदादाच्या खिशातून त्याचा फोन काढला, आजोबांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माइकपुढे धरला. हे सगळं तिने इतक्या झपाट्याने केलं की मध्ये विचार शिरायला फटच राहिली नाही. घंटी वाजत राहिली.

"कोण बोलता?"

"आजोबा, अक्षू. खोली नंबर अकरा."

"हां, बोल गो." आवाज थोडा लांबचा.

"आजोबा, तुम्ही उजेड सांगत होता. दोन्ही रविवार. इथे दिसत नव्हता कारण मी तुम्हाला लपवलं होतं. रेंज वगैरे काही नाही. मी बटण दाबलं."

पलीकडे कुत्रा भुंकला, कुणीतरी त्याला हाकललं. मग आजोबांनी विचारलं, "कित्या?"

इथपर्यंत आल्यावर खोटं बोलायला काही अर्थ नव्हता. शिवाय माइक चालू होता आणि माइक चालू असला की अक्षदाला थांबता येत नसे. "तुम्ही मृणालिनीचा आवाज बरा म्हणालात म्हणून. तिचं सगळं कळतं नि माझं कळत नाही म्हणालात म्हणून. आणि तुम्ही एकटे नाही. तिला जे जे चांगलं म्हणाले ते सगळे. त्रेसष्ट. फायनल मला मिळावी म्हणून."

गॅलरीत कुणीतरी शिट्टी वाजवली आणि लगेच कुणीतरी त्याच्या डोक्यात मारल्याचा आवाज आला. सुशांतदादा लॅपटॉपकडे बघत होता, तिच्याकडे नाही. आईने पदर तोंडाला लावला होता. मृणालिनीकडे बघायची अक्षदाची छाती झाली नाही.

"थय उजेड कसो आसा?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, तुम्हीच सांगता ना दर वेळी."

"फोनार सगळाच उजळ दिसता गो. म्हाताऱ्याक काय कळता त्यातला? तुमी वाट बघतास म्हणान मी लिवतंय. आज तू बघ नि सांग."

अक्षदाने मान वर केली. एवढी वर्षं त्या चौकात वाढली, पण ती पट्टी तिने कधी नीट पाहिली नव्हती. दोन कौलारू छपरं, मधून गेलेल्या केबलच्या तारा, टॉवरची कड, आणि त्या सगळ्यातून वाट काढत टाकीपर्यंत आलेलं ऊन. डोळ्यांत पाणी आल्यामुळे ते जास्तच चमकत होतं, पण ते तिने सांगितलं नाही.

"बरा आहे," ती म्हणाली.

"मगे खेळा." आणि फोन ठेवतायत असं वाटलं तेवढ्यात पुन्हा आवाज आला, अगदी वेगळा, तीस वर्षांपूर्वीचा. "आणि तू पयली इनिंग भायर. टाकीच्या पायरेर बस. माइक त्या चेडवाक दी, माका ऐकाचा आसा."

राजेश टेम्पोवाल्याने बॅट बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. हळूहळू सगळा चौक वाजवायला लागला. त्या टाळ्या उजेडाच्या होत्या की शिक्षेच्या, कोण जाणे. अक्षदाने माइक मृणालिनीपुढे धरला. ती लगेच घेईना. तिने नुसतं पाहिलं, आणि ते बघणं अक्षदा पुढे कित्येक दिवस विसरणार नव्हती, त्यात राग होता पण त्याहून जास्त, अर्धं थालीपीठ परत मागावं तसं काहीतरी होतं. मग तिने माइक घेतला. गुलाबाचं फूल अक्षदाने स्वतःहून तिच्या मोबाइलशेजारी ठेवलं. त्याला मृणालिनीने हात लावला नाही.

सुशांतदादाने लॅपटॉप अक्षदाच्या हातात ठेवला. पडद्यावर यादी उघडलेली होती. पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, ती एकेकाला बाहेर काढायला लागली. सगळ्यांत खाली होते कुशाबा. त्यांना आधी काढलं. मग हेडफोनवाला, मग एक नंबर, मग कॉटन ग्रीनच्या काकू. शेजारी कुणी बसलं नाही. पायरी गार होती.

"नमस्कार," मृणालिनीचा आवाज आला, तोच इस्त्रीचा, सावकाश. पण मग ती दोन क्षण थांबली, आणि चौकही तिच्याबरोबर थांबला. "सामना सुरू होण्याआधीच पहिला बळी गेला आहे. मोरजकर चाळीची सलामीची खेळाडू अक्षदा, एकही चेंडू न खेळता शून्यावर बाद. अंपायर होते तळवड्याला."

चौक असा हसला की वर तारेवर बसलेले कावळे उडाले. आईसुद्धा पदराआडून हसली. चॅट भरून वाहायला लागला. 'आली रे आली.' 'आज पुन्हा हेडफोन.' 'एक नंबर.' आणि मध्येच, देवळाच्या पायऱ्या चढायला लागतो तेवढ्या वेळाने, 'तळवड्याहून कुशाबा. सगळा समाजता.'

बोट उचललं गेलं. खरंच उचललं गेलं, त्या ओळीपर्यंत पोचलंसुद्धा. अक्षदाने उजवा हात ओढून घेतला, मांडीखाली दाबला आणि त्याच्यावर घट्ट बसून राहिली. डाव संपायला अजून सात ओव्हर होत्या. शून्यावर बाद, अंपायर तळवड्याला. असलं भारी वाक्य, आणि तेसुद्धा आपल्याच चौकातलं, आपल्यावरचं, आणि ते आपल्याला का सुचलं नाही, याच विचाराने तिचा जीव नुसता जळत होता.